धारची लाट : पाहायलाच हवी अशी एक जागा



सुट्टी लागली की आपल्यापैकी बहुतेकांची गाडी मांडूला जाते. धार वाटेतच लागते. चहा होतो, किल्ला गाडीतूनच दाखवला जातो (दुसऱ्या बाजीरावांचा जन्म इथलाच, १७७५ चा) आणि पुढचा प्रवास सुरू होतो. लाट मशिदीजवळ चौथऱ्यावर आडवे ठेवलेले लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे मात्र राहून जातात. या वेळी तासभर तिथे थांबावे, म्हणून हा लेख.

आधी नावाविषयी. मुलांना ‘लाट’ म्हटले की समुद्र आठवतो. इथे लाट म्हणजे उंच खांब. तेलाच्या घाण्यातल्या खांबालाही मराठीत लाटच म्हणतात. म्हणूनच की काय, धारमध्ये एक लोककथा रूढ झाली : एका अवाढव्य तेलिणीच्या तराजूची ही दांडी आणि जवळचे मोठे दगड ही तिची वजने! ‘कहाँ राजा भोज, कहाँ गंगू तेली’ ही म्हणही याच कथेशी जोडली जाते.

आता प्रत्यक्ष वस्तू. सर्वांत मोठा तुकडा सुमारे ७.४ मीटर लांब, दुसरा ३.५ मीटर आणि तिसरा २.३ मीटर. बेरीज केली तर १३ मीटरांहून थोडी अधिक भरते. दिल्लीचा प्रसिद्ध लोहस्तंभ सुमारे ७.२ मीटरांचा आहे; म्हणजे आपला जवळजवळ दुप्पट. वजन ७ टनांच्या आसपास असावे. नीट पाहिले तर स्तंभाचा आकार बदलत जातो : खाली चौकोनी, वर अष्टकोनी आणि अगदी टोकाला गोल.

परंपरेने हा स्तंभ अकराव्या शतकातल्या राजा भोजाचा मानला जातो. आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला, त्यांचेही मत तसेच होते. आपल्या दृष्टीने यात एक जवळचा धागा आहे. अठराव्या शतकात मराठी फौजांबरोबर माळव्यात आलेले धार आणि देवासचे पवार आपले मूळ परमारांशी, म्हणजे भोजाच्याच कुळाशी जोडतात.

हे बनवले कसे? त्या काळी लोखंड वितळवून साच्यात ओतले जात नसे. छोट्या भट्टीत कोळसा आणि खनिज घालून भात्याने वारा दिला, की लोखंडाचा सच्छिद्र गोळा मिळे. तो तापवून घणाने ठोकायचा, आतली मळी बाहेर काढायची, मग तापलेल्या गोळ्याला दुसरा गोळा ठोकून जोडायचा. असे अनेक गोळे जोडत, स्तंभ आडवा ठेवून तो वाढवत नेला. अंगावर जागोजागी भोके दिसतात. एवढे तापलेले, जड धूड फिरवायला दांडे घालण्यासाठी ती असावीत. देवासच्या कारखान्यांत हयात घालवलेले कुणी आजोबा बरोबर असतील तर त्यांना इथे बोलू द्या. क्रेन नाही, वीज नाही, तरी हे काम कसे जमले असेल, हे त्यांच्याइतके चांगले कोण सांगणार?

दुसरा प्रश्न मुले हमखास विचारतात : गंजले कसे नाही? जुन्या पद्धतीत भट्टीत चुनखडी घालत नसत, त्यामुळे लोखंडात फॉस्फरस जास्त राहिला. हवेतल्या ओलाव्याशी संबंध आला की त्यामुळे पृष्ठभागावर पातळ, घट्ट थर तयार होतो आणि तोच पुढचा गंज रोखतो. थोडक्यात, हे लोखंड स्वतःचे रक्षण स्वतः करते. पण हा थर घासला, खरवडला की ते रक्षणही जाते. दिल्लीच्या स्तंभाला पर्यटकांच्या हातांपासून वाचवायला १९९७ मध्ये कुंपण घालावे लागले.

या स्तंभाने पाहुणेही पुष्कळ पाहिले. लाट मशीद दिलावर खानाने १४०५ मध्ये बांधली. १५९८ मध्ये अकबर दख्खनच्या वाटेवर धारला थांबल्याचा लेख स्तंभावर कोरलेला आहे. जहांगीराच्या आठवणींत म्हटले आहे, की गुजरातच्या सुलतानाने स्तंभ काढून नेण्याचा प्रयत्न केला तेव्हा तो पडून मोडला. जहांगीरानेही मोठा तुकडा आग्र्याला नेण्याचा हुकूम सोडला होता. तुकडा गेला नाही. पुढे हे भाग शहरात वेगवेगळ्या ठिकाणी राहिले आणि अखेर पुरातत्त्व खात्याने ते एकत्र आणले.

जुन्या लोखंडाचे काय करायचे, हा प्रश्न जगभर पडतो. जर्मनीत डुइसबुर्ग शहरातला एक लोखंडाचा कारखाना १९८५ मध्ये बंद पडला. तो पाडून भंगारात घालण्याऐवजी वास्तुरचनाकार पेटर लात्स यांनी तिथे सार्वजनिक उद्यान घडवले. आज लोक तिथल्या झोतभट्टीवर चढून शहर पाहतात आणि जुन्या गॅसच्या टाकीत पाणी भरून पाणबुडे सराव करतात. तिथे माणसांनी कारखाना आपला मानला, म्हणून तो वाचला. आपल्याकडे मोठे उद्यान नसेल, पण हजार वर्षांचे काम घरापासून दोन-तीन तासांवर आहे.

जाताना एवढे लक्षात ठेवा. देवासहून इंदूरमार्गे अंतर साधारण १०० किलोमीटर. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघा. वास्तू संरक्षित आहे आणि ते प्रार्थनास्थळही आहे. तिथला मान राखा. आणि मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगा : अकबराचे नाव या लोखंडावर आहे, आपले नसले तरी चालेल. आपण तिथून काही न खरवडता परत आलो, तर आपल्या नातवंडांनाही ते असेच दिसेल.