'दुर्गम' कोणासाठी? : पर्जन्यवनातील एक मुक्काम आणि त्याची भाषा

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• पर्जन्यवनातील निसर्गनिवासाचे स्वरूप एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे सांगता येईल;
• 'दुर्गम', 'जंगल', 'अस्पर्श' या शब्दांत दडलेला दृष्टिकोन ओळखता येईल;
• पर्यटनविषयक माहितीपर मजकूर चिकित्सक दृष्टीने वाचता व लिहिता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थिमित्रहो, 'लॉज' हा शब्द मराठीत रुळला तो एका विशिष्ट अर्थाने. एसटी स्थानकासमोरची दुमजली इमारत, खाली खाणावळ, वर खोल्या आणि दर्शनी भागावर 'निवास व भोजनाची उत्तम सोय' अशी पाटी, असे चित्र त्या शब्दासरशी डोळ्यांपुढे येते. मूळ इंग्रजी शब्दाला मात्र 'रानातील तात्पुरता निवारा', 'शिकारीच्या दिवसांत राहण्याचे घर' असेही अर्थ आहेत. अलीकडे प्रचारात आलेला 'इको-लॉज' हा शब्द या जुन्या अर्थाशी नाते सांगतो. फरक इतकाच, की येथे शिकारीची जागा निरीक्षणाने घेतलेली असते. आपण त्याला 'निसर्गनिवास' म्हणू.

निसर्गनिवास ही ज्या पर्यटनाची शाखा आहे, त्याला 'पर्यावरणीय पर्यटन' म्हणतात. त्याच्या सर्वमान्य व्याख्येत दोन अटी येतात : निसर्गाचे जतन व्हावे आणि स्थानिक लोकांचे जीवनमान सुधारावे. संयुक्त राष्ट्रांनी २००२ हे वर्ष या पर्यटनाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. या दोन अटी एकाच वेळी पाळल्या जातात काय, हे पाहण्यासाठी आपण दक्षिण अमेरिकेतील एक उदाहरण घेणार आहोत. भाषेचे विद्यार्थी म्हणून त्यात आपण तिसरा प्रश्न मिळवू : अशा ठिकाणाचे वर्णन कोण करतो आणि कोठे उभा राहून करतो?

२. मुक्कामाचे स्वरूप

पेरू देशाच्या आग्नेय भागात, ब्राझील व बोलिव्हिया यांच्या सीमेलगत, माद्रे दे दिओस हा प्रांत आहे. पुएर्तो माल्दोनादो हे त्याचे मुख्य शहर. तेथून काही अंतर रस्त्याने आणि पुढे लांब, निमुळत्या मोटरनावेतून ताम्बोपाता नदीने प्रवाहाच्या उलट दिशेने गेले, की 'पोसादा अमासोनास' हा निसर्गनिवास लागतो. नाव काठाला लागल्यावर उरलेली वाट पायी चालावयाची असते.

बांधकाम लाकूड, बोरू आणि झावळ्यांच्या शाकारणीचे. जमिनीपासून उंच, खांबांवर उभारलेले. खोलीला भिंती तीनच. चौथी बाजू वनाकडे पूर्णपणे मोकळी असते. तेथे ना काच, ना जाळी. पलंगावर मच्छरदाणी असते आणि रात्रभर बेडकांचे व रातकिड्यांचे आवाज सोबतीला असतात. या रचनेमागे व्यावहारिक कारण आहे. वारा खेळता राहिला, तर वातानुकूलनाची गरज पडत नाही आणि विजेचा वापर मोजका ठेवता येतो.

दिवस उजाडण्यापूर्वी सुरू होतो, कारण उन्हे चढली की पशुपक्षी सावलीत दडतात. प्रथम भेट देणाऱ्याची बहुधा निराशा होते. वनाच्या तळाशी अंधूक प्रकाश असतो. पाने, खोडे आणि ओलावा यांखेरीज फारसे काही दिसत नाही. कारण सरळ आहे : फुले, फळे आणि त्यांवर जगणारे जीव यांचा मोठा भाग उंचावर, वृक्षांच्या छतात असतो. म्हणून येथे सुमारे ३० मीटर उंचीचा मचाण उभारलेला आहे. जवळच 'त्रेस चिम्बादास' हे नालाकृती सरोवर आहे. नदीने आपले वळण सोडून नवा मार्ग घेतल्यावर मागे राहिलेले हे पाणी. त्यात महाकाय पाणमांजरांचे कुटुंब वावरते. नदीकाठच्या मातीच्या कड्यांवर पोपटांचे थवे उतरतात व माती खातात. समुद्रापासून दूर असलेल्या या प्रदेशात दुर्मीळ असलेले सोडियम त्यांना त्या मातीतून मिळते, असे अभ्यासकांचे मत आहे.

उष्ण कटिबंधातील वन म्हणजे सदैव उकाडा, ही समजूतही येथे टिकत नाही. दक्षिणेकडून थंड हवेची लाट आली, की तापमान एकाएकी खाली येते. स्पॅनिशमध्ये या लाटेला 'फ्रिआखे' म्हणतात. स्थानिक माणसाला ती ठाऊक असते. पाहुण्याच्या सामानात मात्र गरम कपडे नसतात.

३. 'दुर्गम' : शब्दामागचे ठिकाण

अशा निवासांच्या माहितीपत्रकांत एक विशेषण हमखास भेटते : 'दुर्गम'. जेथे जाणे कठीण ते दुर्गम. 'हा', 'तो', 'येथे', 'तेथे' हे शब्द बोलणाऱ्याचे स्थान कळल्याशिवाय पूर्ण अर्थ देत नाहीत. भाषाविज्ञानात या गुणाला 'निर्देशकता' म्हणतात. 'दुर्गम' हे विशेषण वरकरणी स्थळाचा गुण सांगते. परंतु तेही याच जातीचे आहे. कोठून निघणाऱ्याला जाणे कठीण, हे त्यात गृहीत धरलेले असते.

पोसादा अमासोनास ज्या भूमीवर उभा आहे, ती 'इन्फिएर्नो' नावाच्या ग्रामसमुदायाच्या मालकीची आहे. तेथील कुटुंबांना ताम्बोपाता नदी दूर नाही. ती त्यांच्या दारातली वाट आहे. दुर्गम आहे ती राजधानी लिमा, जेथे त्यांच्याविषयीचे निर्णय होतात. आपल्याकडे शासकीय भाषेत भामरागड किंवा मेळघाट यांना 'दुर्गम भाग' म्हटले जाते, तेव्हाही बोलणारा मुंबईत किंवा नागपुरात बसलेला असतो.

या शब्दाला दुसरीही बाजू आहे. 'दुर्गम' आणि 'दुर्ग' हे शब्द एकाच धातूपासून बनले आहेत. किल्ला दुर्गम असतो म्हणूनच त्याच्या आतील माणसे सुरक्षित असतात. माद्रे दे दिओसच्या बाबतीत हा अर्थ अक्षरशः खरा ठरला. ब्राझीलला प्रशांत महासागराच्या किनाऱ्याशी जोडणारा महामार्ग या प्रांतातून गेला आणि प्रदेश सुगम झाला. सोन्याचे भाव वाढलेले होते. नदीच्या गाळातील सोन्याच्या शोधात हजारो माणसे येथे आली. सोन्याचे कण गोळा करण्यासाठी पारा वापरतात; तो पाण्यात, माशांत आणि शेवटी मासे खाणाऱ्या माणसांत उतरतो. 'ला पाम्पा' या भागातील वनाचे विस्तीर्ण पट्टे वाळूच्या खड्ड्यांत रूपांतरित झाले. बेकायदा खाणकामाविरुद्ध २०१९ मध्ये पेरूच्या शासनाला तेथे मोठी मोहीम हाती घ्यावी लागली.

उभे वन आणि खणलेले वन यांत कुटुंबाचे पोट कशावर भरते, हा तेथील खरा प्रश्न आहे. निसर्गनिवासाचे महत्त्व त्या प्रश्नाच्या संदर्भात समजून घ्यावे लागते.

४. 'जंगल' आणि 'अस्पर्श'

'जंगल' हा शब्द आपण घनदाट अरण्यासाठी वापरतो. त्याचे संस्कृत मूळ 'जाङ्गल' असे आहे आणि आयुर्वेदाच्या ग्रंथांत 'जांगल' देश म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ झाडीचा प्रदेश. पाणथळ व दाट झाडीच्या प्रदेशाला तेथे 'आनूप' म्हटले आहे. पुढे 'जंगल' म्हणजे लागवडीखाली नसलेली जमीन, मग झाडोरा, मग दाट वन असा अर्थ सरकत गेला. इंग्रजीने तो शब्द भारतातून उचलला आणि जगभर नेला. म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ओल्याकंच वनाला आज जो शब्द लावला जातो, तो मुळात त्याच्या नेमका उलट प्रदेश दाखवीत होता.

'पर्जन्यवन' हा शब्द तुलनेने नवा आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ शिम्पर याने १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या अर्थाची संज्ञा रूढ केली. तिचे इंग्रजीत आणि पुढे आपल्या भाषांत शब्दशः भाषांतर झाले.

माहितीपत्रकांतील तिसरा लाडका शब्द 'अस्पर्श'. त्याची परीक्षा एका झाडावर घेता येते. ब्राझील नट म्हणून ओळखले जाणारे कवचफळ ज्या प्रचंड वृक्षाला लागते, तो या प्रांतात विपुल आहे. त्याचे परागण रानातल्या मोठ्या मधमाश्या करतात आणि त्याचे कठीण फळ फोडून बिया इकडेतिकडे पुरण्याचे काम अगूती नावाचा कृंतक प्राणी करतो. त्यामुळे हे उत्पन्न प्रामुख्याने उभ्या वनातूनच मिळते. पिढ्यान्‌पिढ्या माणसे पावसाळ्यात ही फळे वेचत आली आहेत. त्यांच्या पायवाटा, त्यांची झाडे ठरलेली आहेत. ज्या वनात माणसाच्या वाटा आहेत, त्याला 'अस्पर्श' म्हणणे म्हणजे त्या माणसांना वर्णनातून वगळणे होय. आपल्या देवराया या दृष्टीने आठवाव्यात. त्या टिकल्या, कारण कोणाचे तरी त्यांच्याशी नाते होते.

५. नावांचे थर

या परिसराची स्थळनामे एकाखाली एक वाचली, तर त्यांतून इतिहास उलगडतो. 'माद्रे दे दिओस' म्हणजे देवाची आई, म्हणजेच मेरी. 'इन्फिएर्नो' म्हणजे नरक. ही दोन्ही नावे स्पॅनिश भाषेची आणि ख्रिस्ती कल्पनाविश्वाची. 'पुएर्तो माल्दोनादो' हे नाव १९ व्या शतकात या नद्या धुंडाळणाऱ्या फाउस्तिनो माल्दोनादो याच्या स्मरणार्थ आहे. 'ताम्बोपाता' हे अँडीजच्या केचुआ भाषेतील नाव मानले जाते. 'ताम्बो' म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाची जागा. 'पोसादा' या स्पॅनिश शब्दाचा अर्थही जवळपास तोच, धर्मशाळा किंवा सराई.

या सर्वांखाली आणखी एक थर आहे. या नद्यांच्या काठी राहणाऱ्या एसे एखा लोकांच्या भाषेत ताम्बोपातेचे नाव 'बाहुआखा' आणि तिच्या पूर्वेकडील हीथ नदीचे नाव 'सोनेने' असे आहे. १९९६ मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, तेव्हा त्याला 'बाहुआखा-सोनेने' हे नाव देण्यात आले. नकाशावरून पुसली गेलेली दोन नावे अशा रीतीने शासकीय कागदांवर परत आली. महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून 'शेकरू' हा रानातला शब्द शासकीय वापरात आला, ही घटनाही याच स्वरूपाची आहे.

६. नफा, निर्णय आणि भाषा

इन्फिएर्नो हा ग्रामसमुदाय आणि 'रेनफॉरेस्ट एक्स्पिडिशन्स' ही पेरूमधील खासगी कंपनी यांच्यात १९९६ मध्ये २० वर्षांचा करार झाला आणि १९९८ मध्ये निवास सुरू झाला. करारानुसार नफ्याचा ६० टक्के वाटा समुदायाला व ४० टक्के कंपनीला मिळावयाचा होता. त्याहून महत्त्वाचे कलम निर्णयांचे होते : व्यवस्थापनाचे निर्णय दोघांनी समान अधिकाराने घ्यावयाचे. 'स्थानिकांना रोजगार' या नेहमीच्या शब्दप्रयोगात स्थानिक माणूस घेणारा असतो. या करारात तो भागीदार झाला. माहितीपत्रक वाचताना 'किती जणांना काम मिळाले?' याबरोबरच 'नाही म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?' हा प्रश्न विचारावयास हवा, तो यासाठी.

तरीही एक प्रश्न या करारातून सुटत नाही. एसे एखा ही ताकाना कुळातील भाषा पेरू व बोलिव्हिया या दोन देशांत थोडे लोक बोलतात आणि ती संकटग्रस्त आहे. इन्फिएर्नोमध्ये सर्व कुटुंबे एसे एखा नाहीत. अँडीजमधून व इतर नदीकाठांवरून आलेली कुटुंबेही तेथे आहेत. समुदायाची सामाईक भाषा स्पॅनिश झाली आहे. तिच्या जोडीला वाटाड्याला इंग्रजी यावे लागते, कारण पाहुणा पक्ष्याचे नाव इंग्रजीत विचारतो आणि आपल्या वहीत इंग्रजीतच लिहितो. वन राखणाऱ्या व्यवसायात त्या वनाच्या सर्वांत जुन्या भाषेची गरज पडत नाही.

याचा दोष निवासाला देणे अन्यायाचे ठरेल. मिशनऱ्यांचा काळ, रबराच्या व्यापाराचा काळ आणि शाळा यांनी ही प्रक्रिया फार पूर्वीच सुरू केली होती. परंतु नाव गेले, की नावासोबतचे ज्ञानही विरळ होते : कोणते फळ केव्हा पिकते, कोणत्या सालीचा काढा कशावर, कोणत्या पक्ष्याचा आवाज कशाची सूचना देतो. हा प्रश्न आपल्याही दाराशी आहे. ऐन, किंजळ, हिरडा, धनेश ही नावे ज्यांच्या तोंडी सहज असतात, त्यांच्याच गावात सुरू झालेल्या निवासाच्या माहितीपत्रकात आज 'फ्लोरा' आणि 'फॉना' हे शब्द दिसतात.

७. सारांश

निसर्गनिवासातील मुक्काम हा पाहुण्याला वनाजवळ नेतो; परंतु वन त्याला शब्दांतूनच कळते. 'दुर्गम' म्हणताना बोलणाऱ्याचे ठिकाण ध्वनित होते, 'अस्पर्श' म्हणताना तेथील माणसे अदृश्य होतात आणि स्थळनामांत सत्तेचा इतिहास साठलेला असतो. इन्फिएर्नोच्या उदाहरणात भूमी, नफा आणि निर्णय यांत समुदायाला वाटा मिळाला. भाषेचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. निसर्गाविषयी लिहिताना हे चारही घटक तपासून पाहणे, ही माहितीपर लेखनाची जबाबदारी होय.

८. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(अ) 'दुर्गम' या विशेषणातील निर्देशकता सोदाहरण स्पष्ट करा.
(आ) 'जंगल' या शब्दाच्या अर्थपरिवर्तनाचे टप्पे सांगा.
(इ) आपल्या तालुक्यातील एखाद्या पर्यटनस्थळाचे किंवा कृषिपर्यटन केंद्राचे माहितीपत्रक मिळवा. त्यातील विशेषणांची यादी करून प्रत्येक विशेषण कोणाच्या दृष्टीने खरे आहे, ते लिहा.
(ई) घरातील किंवा शेजारच्या वयोवृद्ध व्यक्तीकडून परिसरातील दहा झाडांची स्थानिक नावे व त्यांचे उपयोग टिपून घ्या. त्यांपैकी किती नावे आपल्याला आधी ठाऊक होती, हेही नोंदवा.