राळेचा वास आणि पाइनचे भुंगेरे

तैलरंग पातळ करण्यासाठी आपण टर्पेंटाइन वापरतो. ते पाइन वृक्षाच्या राळेपासून ऊर्ध्वपातनाने मिळते आणि त्यातील एक प्रमुख घटक म्हणजे अल्फा-पायनीन. देवापुढे जाळायचा कापूरही आज बहुतांशी याच पायनीनपासून कारखान्यात तयार होतो. आपल्या इतक्या उपयोगाचे हे संयुग झाड स्वतःसाठी कशाला बनवते, असा प्रश्न सहज मनात येतो.

राळ हे पाइनचे संरक्षणाचे साधन आहे. एखाद्या किड्याने खोड पोखरायला सुरुवात केली, की त्या छिद्रातून राळ वाहू लागते. चिकट राळेत किडा अडकतो किंवा बाहेर ढकलला जातो. शिवाय राळेतील लिमोनीनसारखी संयुगे त्याला विषारी असतात. एवढा बंदोबस्त असूनही पाइनची जंगले किडीला बळी पडतात. असे का होते, हे एका उदाहरणावरून पाहू या.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात 'माउंटन पाइन बीटल' नावाचा भुंगेरा आढळतो. आकाराने तो जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा, म्हणजे सुमारे 5 मिलिमीटर असतो. उन्हाळ्यात मादी प्रथम झाडावर उतरते व साल पोखरू लागते. राळेतील अल्फा-पायनीन तिच्या शरीरात जाते. त्याचे ऑक्सिडीकरण होऊन ट्रान्स-व्हर्बेनॉल तयार होते आणि त्याचा गंध हवेत पसरतो. हा गंध म्हणजे इतर भुंगेऱ्यांना दिलेले आमंत्रणच होय. झाडाच्या मिर्सीन या दुसऱ्या संयुगामुळे हे आकर्षण आणखी वाढते.

एकट्यादुकट्या भुंगेऱ्याला निरोगी झाड परतवून लावते. पण शेकडो भुंगेरे एकदम आले की राळेचा साठा अपुरा पडतो. दुष्काळाने अशक्त झालेले झाड त्याहूनही लवकर हरते. भुंगेऱ्यांबरोबर आलेली बुरशी खोडातील पाण्याचा प्रवाह बंद पाडते आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत झाड लाल पडते. झाडावर गर्दी झाली की व्हर्बेनोन नावाचे संयुग वाढते. 'येथे जागा नाही' असा त्याचा अर्थ. मग नवे भुंगेरे शेजारच्या झाडाकडे वळतात व कीड पसरत जाते.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 1990च्या दशकात सुरू झालेल्या उद्रेकाची झळ सुमारे 1 कोटी 80 लाख हेक्टर जंगलाला बसली. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक भरते. सौम्य हिवाळ्यांमुळे अळ्या जगल्या. एरवी उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी त्यांना मारते. वणवे विझवत राहिल्याने म्हाताऱ्या लॉजपोल पाइनची जंगलेही दाटली होती. पुढे भुंगेरे रॉकी पर्वत ओलांडून अल्बर्टात उतरले. तेथे जॅक पाइन हे वेगळे झाड आहे. या जातीचा पट्टा थेट अटलांटिककडे जातो. भुंगेऱ्याने जॅक पाइनवरही बस्तान बसवल्याचे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून सिद्ध झाले. जॅक पाइनच्या राळेत अल्फा-पायनीनचे प्रमाण चांगले असते, त्यामुळे आमंत्रणाचा कच्चा माल तेथेही तयारच होता. 2019च्या कडक थंडीनंतर अल्बर्टात भुंगेऱ्यांची संख्या बरीच घटली, तरी धोका कायमचा टळला असे म्हणता येत नाही.

हे रसायनशास्त्र आपल्याही उपयोगी पडते. मोलाची झाडे वाचवण्यासाठी खोडावर व्हर्बेनोनच्या पुड्या लावतात. मध्य भारतातील साल वृक्षाच्या खोडकिड्यावरचा उपायही वासावरच आधारलेला आहे. पावसाळ्यात काही साल वृक्ष तोडून ओंडक्यांची साल ठेचतात. रसाच्या वासाने भुंगेरे जमतात आणि ते वेचून नष्ट करतात. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडला भागात झालेल्या मोठ्या उद्रेकात ही पद्धत वापरली गेली.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. संत्र्याची ताजी साल मेणबत्तीच्या ज्योतीजवळ, चेहऱ्यापासून दूर धरून दाबावी. उडणारे तुषार पेट घेतात. ते तेल मुख्यतः लिमोनीनच असते. फळाच्या सालीत हे तेल कशासाठी असेल, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा आणि मग पाइनची गोष्ट सांगावी.