द्वारावरील ओळ : स्टौरहेडचे उद्यान आणि त्याचे वाचक

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये जमीनदारांची ग्रामीण निवासस्थाने पाहावयास जाणे हा सुशिक्षित वर्गाचा रूढ परिपाठ होता. मालकाच्या अनुपस्थितीत घरच्या कारभारणीने अनोळखी प्रवाशांना दालने दाखवावीत, हा संकेत सर्वमान्य होता. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) या कादंबरीचे निर्णायक वळण याच संकेतावर आधारलेले आहे. एलिझाबेथ पेम्बर्लेला येते ती निव्वळ प्रवासी म्हणून. परंतु डार्सीविषयीचे तिचे मत पालटू लागते ते तेथील उद्यान पाहून आणि कारभारणीचे बोलणे ऐकून. वास्तू ही मालकाच्या चारित्र्याची संहिता होय, असे गृहीतक यामागे आहे. ते कितपत टिकते, हे विल्टशरमधील स्टौरहेडच्या आधारे तपासता येईल.

१७१७ मध्ये हेन्री होर या सावकाराने स्टौर्टन घराण्याची ही जहागीर विकत घेतली आणि जुना वाडा पाडून कोलेन कॅम्पबेलच्या आराखड्यानुसार नवे घर उभारविले. उद्यान मात्र त्याच्या, त्याच नावाच्या, पुत्राचे. त्याने दरीत बांध घालून तळे निर्माण केले आणि त्याच्या काठाने वाट आखली. पैलतीरी दिसलेले मंदिर वाटेवर दिसेनासे होते आणि पुढे अकस्मात समोर येते. वाटेवर प्रथम फ्लोराचे मंदिर लागते. त्याच्या द्वारावर व्हर्जिलच्या 'ईनिड'च्या सहाव्या सर्गातील, अदीक्षितांना दूर राहण्यास बजावणारी ओळ कोरलेली आहे. पुढे नदीदेवतेची मूर्ती असलेली कृत्रिम गुहा येते. यावरून केनेथ वुडब्रिज यांनी ही प्रदक्षिणा म्हणजे ईनियसच्या प्रवासाचे रूपक असल्याचे प्रतिपादन केले. हा अन्वयार्थ मोहक खरा. परंतु पँथिऑनमधील प्रमुख मूर्ती रिसब्रॅकने घडविलेल्या हर्क्युलिसची आहे आणि तळ्याकाठी ब्रिस्टॉलहून आणलेला मध्ययुगीन क्रूसस्तंभही आहे. ही सारी सामग्री एका कथासूत्रात बसवू पाहणारा अभ्यासक उद्यानापेक्षा आपल्या व्यासंगाचेच वाचन अधिक करतो, असे आम्हांस वाटते.

त्या ओळीतील 'अदीक्षित' कोण, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. लॅटिन जाणणाऱ्या पाहुण्यास ती ओळ वगळत नव्हती. उलट आपण आतले आहोत याची सुखद खूण पटवीत होती. संहिता जे सांगत नाही तेही येथे वाचावे लागते. होर यांच्या पेढीने १७२० मध्ये साउथ सी कंपनीच्या समभागांच्या व्यवहारात मोठा नफा कमावला होता आणि ही कंपनी स्पॅनिश अमेरिकेस गुलाम पुरवीत होती. उद्यानातील कोणताही शिलालेख याविषयी बोलत नाही. पेम्बर्लेच्या कारभारणीप्रमाणेच येथील दगडही धन्याचे गुणच तेवढे सांगतात.

एकुलता एक पुत्र पहिल्या महायुद्धात कामी आल्यानंतर या घराण्याने १९४६ मध्ये स्टौरहेड नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केले. आपल्या ताब्यातील ९३ स्थळांचे वसाहतवादाशी व गुलामगिरीशी असलेले संबंध नोंदविणारा अहवाल याच संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा तिच्यावर कठोर टीका झाली. बाग पाहावयास आलेल्यांना हिशेबाची वही कशाला दाखवावी, असा त्या टीकेचा सूर होता. फ्लोराच्या द्वारावरील ओळ अजून तेथेच आहे. तिकीट काढून आलेले बहुतेक प्रेक्षक ती न वाचताच पुढे जातात.