वाचनाची सुरुवात कानांपासून होते

शाळाप्रवेशाचे दिवस आले की छत्रपती संभाजीनगरात सिडकोपासून गारखेड्यापर्यंत एकच काळजी ऐकू येते: "तीन वर्षांचा झाला, अजून अ-आ लिहीत नाही. पुढे वाचणार कसा?" मग रोज संध्याकाळी पानभर गिरवणं सुरू होतं, कुणी शिकवणीही लावतं. तीन वर्षांच्या मुलाला शिकवणी! यात मुलाचं भलं नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

गैरसमज: लवकर लिहायला लावलं की मूल लवकर वाचतं.

वस्तुस्थिती: तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातली आठपैकी जेमतेम तीन-चार हाडं एक्स-रेमध्ये दिसतात, बाकीची अजून कूर्चेच्याच रूपात असतात. बोटांची पकडही पक्की झालेली नसते. हा हात माती मळायला, मणी ओवायला, कागद फाडायला आसुसलेला असतो. त्यातूनच तो पुढे पेन्सिलीसाठी तयार होतो.

शिवाय वाचन हाताने होत नाही. 'कमळ' वाचायचं तर आधी त्यातले क, म, ळ हे आवाज कानाला वेगळे कळायला हवेत. ब्रॅडली आणि ब्रायंट या संशोधकांनी 1983 मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की चार-पाच वर्षांच्या ज्या मुलांना यमक आणि सारखे आवाज ओळखता येतात, ती पुढे वाचनात सरस ठरतात. म्हणजे बडबडगीतं आणि शब्दांच्या भेंड्या हीच वाचनाची पूर्वतयारी आहे.

"पण बाकीची मुलं पुढे जातील ना?" जाऊ द्या. न्यूझीलंडमध्ये पाचव्या आणि सातव्या वर्षी वाचन शिकू लागलेल्या मुलांची तुलना झाली. सुमारे अकराव्या वर्षापर्यंत त्यांच्या वाचनातला फरक मिटला होता. आपल्या लिपीला तर वेळ जास्तच लागतो. मराठीसारखीच अक्षररचना असलेल्या कन्नडवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात, मुलांचं अक्षरज्ञान पक्कं होण्याचं काम चौथी-पाचवीपर्यंत चालू असलेलं आढळलं. मग केजीतच बाराखडी घोटून घ्यायचा हट्ट कशासाठी?

खेळत, गाणी-गोष्टींतून शिकवणं हे परदेशी खूळ नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे त्यांनी आणि अनुताई वाघांनी कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर गाणी, गोष्टी आणि परिसरातल्या वस्तू घेऊनच मुलांना शिकवलं. 2022 चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही तीन ते सहा वयासाठी पाठ्यपुस्तक नको आणि परीक्षाही नको, असं स्पष्ट म्हणतो.

आणखी काही गैरसमज:

घरी इंग्रजीच बोलावं. नाही. मराठी असो की दखनी, घरच्या बोलीत शब्द भरपूर जमले की दुसरी भाषा त्यांच्या आधारावर उभी राहते.

मोबाईलवरच्या गाण्यांनी भाषा येते. मोबाईल मुलाच्या प्रश्नाला उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला फार तर एक तास पडदा, त्याहून कमी असेल तर उत्तम.

चित्रं पाहून गोष्ट 'वाचणं' खोटं. पुस्तक कुठून उघडायचं, पान कसं उलटायचं, गोष्ट पुढे कशी सरकते, हे सगळं मूल त्यातूनच शिकतं.

उलटं अक्षर म्हणजे डिस्लेक्सिया. सहा-सात वर्षांपर्यंत तसं होणं सर्वसाधारण आहे.

आजी शिकलेली नाही, ती काय मदत करणार? तिच्या गोष्टी, ओव्या, उखाणे हे मुलाच्या भाषेचं मोठं धन आहे.

मग घरी करायचं काय? सिद्धार्थ उद्यानातल्या प्राणिसंग्रहालयातून परतताना "वाघ पाहिलास का?" एवढ्यावर थांबू नका. "तो काय करत होता? आता भूक लागली तर काय करेल?" असं विचारा आणि मुलाचं उत्तर पुरतं ऐकून घ्या. 'क'वरून सुरू होणारे शब्द शोधायला लावा. रोज एक गोष्ट सांगा, तीच दहाव्यांदा मागितली तरी सांगा.

आणि बालवाडी निवडायला जाल तेव्हा "दिवाळीपर्यंत किती अक्षरं येतील?" असं विचारू नका. "दिवसभरात मुलं किती बोलतात, आणि गोष्ट किती वेळ होते?" हे विचारा. या प्रश्नाचं नीट उत्तर देणारी बालवाडी निवडा, मग तिच्यात वह्या भरलेल्या दिसल्या नाहीत तरी चालेल.