रात्रीचा मीडियम वेव्ह

दूरची मीडियम वेव्ह स्टेशनं शोधण्याच्या छंदाला डीएक्सिंग म्हणतात. इंटरनेटवर जगभरचा रेडिओ स्वच्छ ऐकू येत असताना खरखरीत कान कशाला घालायचा, हा आक्षेप रास्त वाटतो. पण तो कार्यक्रमापुरताच खरा आहे. डीएक्सर कार्यक्रमापेक्षा आकाश ऐकत असतो. दिवसा आयनांबराचा साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा ‘डी’ थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो आणि त्याच लहरी वरच्या थरांवरून परतून शेकडो, कधी हजारो किलोमीटरवर उतरतात. आकाशवाणीचं नागपूरचं १५६६ किलोहर्ट्झवरचं १००० किलोवॅटचं प्रक्षेपण परदेशातले छंदी असंच पकडत. आवाज चढतो, बुडतो, कारण वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींना कधी बळ देतात, कधी खोडतात. १९२४ साली ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड ॲपल्टन यांनी बीबीसीच्या प्रक्षेपकाच्या मदतीनं परावर्तक थर सिद्ध केला, तोही अशाच चढउतारांचा माग काढून.

स्टेशनं बंद होत चालली, मग छंद टिकणार कसा? बलाढ्य स्टेशन थांबलं की त्याच फ्रिक्वेन्सीवरचं दुबळं स्टेशन वर येतं, हा एक दिलासा. एलईडी दिवे आणि चार्जर यांचा गोंगाट मात्र खरा शत्रू आहे. त्यावर साध्या ट्रान्झिस्टरमध्येही उपाय असतो: संच हळूहळू फिरवावा. आतल्या फेराइट सळीच्या अँटेनाचं टोक गोंगाटाच्या दिशेला आलं की तो दबतो, आणि खाली लपलेली उद्घोषणा कानी पडते.