खिमा, सोयाचुरा आणि मुंगवड्या : वर्ध्याच्या स्वयंपाकघरातील निवड

वर्धा जिल्ह्यात मांसाहाराचा त्याग करणारी आणि मांसाहाराची मनापासून आवड असणारी अशा दोन आहारपरंपरा शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. सेवाग्राम आणि पवनार येथील आश्रमांच्या स्वयंपाकघरांत मांसाला कधीच स्थान नव्हते. दुसरीकडे वर्धा, हिंगणघाट, आर्वी या गावांत सावजी भोजनालयांच्या पाट्या दिसतात, आणि पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, अनेक घरांत मटण शिजल्याखेरीज सण पुरा झाला असे मानले जात नाही. या दोन परंपरांच्या मधोमध आज एक मोठा वर्ग उभा आहे. तो मांस खातो पण रोज खाऊ शकत नाही. श्रावणात ते वर्ज्य करतो. घरातील एखादी सून किंवा सासू मांसाला हात लावत नाही म्हणून दोन भांडी चढवतो. आणि महाग झालेल्या मटणाऐवजी दुसरे काय वापरावे, याचा विचार करतो. हा प्रश्न खिम्याच्या बाबतीत सर्वांत सुटण्याजोगा आहे, कारण मांस बारीक केले की त्याचा आकार आणि हाडे निघून जातात, मसाला आणि चरबी यांचा वाटा वाढतो, आणि पर्यायाला शिरकाव करण्यास जागा मिळते.

या पर्यायांपैकी सोयाबीनचा वर्ध्याशी असलेला संबंध पुष्कळ जुना आहे. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जमनालाल बजाज यांनी दिलेल्या वर्ध्यातील मगनवाडीत त्याचे कार्यालय आले आणि जे. सी. कुमारप्पा यांनी त्याची धुरा सांभाळली. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ यांच्याबरोबरच स्वस्त व पौष्टिक अन्नाचे प्रयोग तेथे होत असत, आणि 1935 साली गांधीजींनी ‘हरिजन’ साप्ताहिकातून सोयाबीनविषयी लिहिले, तसेच मगनवाडीतील जेवणात सोयाबीन घालून पाहण्यात आले. त्याच सुमारास बडोदा संस्थानचे अन्न सर्वेक्षण अधिकारी एफ. एस. काळे यांनी सोयाबीनवर पाककृतींसह एक सविस्तर इंग्रजी ग्रंथ लिहिला. मात्र त्या काळी वर्ध्याच्या शेतात सोयाबीन जवळजवळ नव्हते. ते आले पुढे अर्ध्या शतकाने, मध्य प्रदेशातून विदर्भात पसरत, आणि ज्वारीची जागा घेत आज कपाशी व तुरीबरोबर जिल्ह्याचे प्रमुख पीक होऊन बसले.

यातील विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. हिंगणघाटच्या बाजार समितीत हंगामात सोयाबीनचे ढीग लागतात, पण ते माणसाच्या ताटात सरळ येत नाही. कारखान्यात त्याचे तेल काढले जाते आणि उरलेली प्रथिनयुक्त पेंड, जिला व्यापारी ‘डीओसी’ म्हणतात, तिचा मोठा भाग कोंबड्यांच्या खाद्यात जातो. ब्रॉयलर कोंबडीच्या खाद्यात मक्याखालोखाल सोयापेंडेचाच वाटा असतो, आणि एक किलो वजन वाढवण्यासाठी कोंबडीला साधारण पावणेदोन किलो खाद्य लागते. म्हणजे चिकनचा खिमा घेणारे कुटुंबदेखील एका अर्थी सोयाबीनच विकत घेत असते, फक्त ते कोंबडीच्या वाटेने येते. त्याच पेंडीचे खाण्यायोग्य पीठ करून बनवलेली सोयावडी किंवा तिचा बारीक प्रकार असलेला सोयाचुरा, ज्याला दुकानात ‘ग्रॅन्यूल्स’ म्हणतात, तो सरळ वाटेने ताटात येतो आणि म्हणून स्वस्त पडतो.

हा चुरा कसा तयार होतो, हे ठाऊक असले की तो कसा शिजवावा हेही आपोआप समजते. तेल काढलेले सोयापीठ थोड्या पाण्याबरोबर एका मोठ्या स्क्रूच्या यंत्रात, ज्याला एक्स्ट्रूडर म्हणतात, दाबाखाली तापवले जाते. अरुंद छिद्रातून ते बाहेर येताच दाब एकदम सुटतो, आतील पाण्याची वाफ होते, पीठ फुगते आणि प्रथिनांचे थर तंतूंसारखे एकमेकांवर बसतात. अमेरिकेतील आर्चर डॅनियल्स मिडलँड या कंपनीत 1960 च्या दशकात ही पद्धत आकाराला आली. या पिठातील तेल आधीच जवळजवळ शून्यावर आलेले असते आणि फुगल्यामुळे वडी पोकळ झालेली असते, त्यामुळे तिच्यात स्वतःची चव व स्निग्धता फारशी नसते, पण पाणी किंवा रस्सा शोषून घेण्याची क्षमता मात्र भरपूर असते. चुरा बेचव लागतो अशी तक्रार करणाऱ्या बहुतेक घरांत तो साध्या कोमट पाण्यात भिजवून, न पिळता कढईत टाकलेला असतो. त्याच्या पोकळीत आधीच पाणी भरलेले असल्याने मसाल्याला आत जायला जागाच उरत नाही.

योग्य रीत अशी की मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात चुरा सुमारे दहा मिनिटे ठेवावा, सुती फडक्यात ओतावा आणि घट्ट पिळावा. पहिले पाणी पिवळसर, फेसाळ आणि कच्च्या शेंगेसारखा वास असलेले निघते. हा वास सोयाबीनमधील विकरांनी त्यातील स्निग्ध पदार्थांवर केलेल्या क्रियेचा असतो. गार पाणी घालून पुन्हा एकदोनदा पिळल्यावर पाणी जवळजवळ स्वच्छ येते आणि वास उतरतो. यानंतर चुरा कोरड्या कढईत किंवा थोड्या तेलावर, त्याचा रंग बदलेपर्यंत परतावा आणि मगच कांदा, आले-लसूण, खोबरे-खसखस यांच्या वाटणात घालावा. त्यात चरबी नसल्याने मटणाच्या खिम्यापेक्षा तेल किंचित जास्त लागते, हे मान्य करूनच हात सैल सोडावा. तेल वाचवण्याच्या हट्टापायी कोरडा, भुरभुरीत खिमा करण्यात काही अर्थ नाही.

मांसाच्या खिम्याकडे वळले तर पहिली निवड चरबीची असते. खिम्याचा रसदारपणा चरबीवर अवलंबून असतो. बोकडाच्या मांसात ती मुळातच कमी असते, आणि नुसत्या मांडीचा, म्हणजे रानेचा, सोलीव खिमा केल्यास तो शिजल्यावर चिवट व कोरडा होतो. खांद्याचा तुकडा, त्यावरची थोडी चरबी न काढता घेतलेला, सुक्या खिम्यासाठी अधिक चांगला ठरतो. खाटकाकडे आधीच करून ठेवलेला खिमा शक्यतो घेऊ नये, कारण त्यात कोणते तुकडे, किती शिरा आणि किती जुने मांस आले आहे हे ओळखण्याचा कोणताही मार्ग ग्राहकाकडे राहत नाही. तुकडा निवडावा, डोळ्यांसमोर खिमा करून घ्यावा, आणि धुवायचे असल्यास तुकडा असतानाच धुऊन निथळून द्यावा. खिमा झाल्यावर धुतला तर त्यात पाणी साचते, परतताना तो भाजण्याऐवजी उकडतो आणि सिंकभर जंतू पसरतात ते वेगळेच. लाकडी ठोकळ्यावर सुऱ्याने बारीक केलेला खिमा यंत्राच्या खिम्यापेक्षा ओबडधोबड असतो, पण त्याचे कण दाताखाली येतात, आणि सावजी पद्धतीच्या तिखट, तेलदार रश्श्यात तोच शोभतो. कबाबासाठी मात्र यंत्रातून दोनदा काढलेला, थंडगार खिमा हवा, कारण मीठ घालून मळल्यावर मांसातील मायोसिन नावाचे प्रथिन चिकट होते आणि कबाब सुटत नाही.

सोयाचुऱ्यात हे चिकट प्रथिन त्या रूपात राहिलेले नसते, म्हणून त्याच्या टिक्क्या तव्यावर फुटतात. त्यावर उपाय घरातच असतो : भाजलेल्या डाळ्यांचे पीठ, बेसन किंवा उकडलेला बटाटा. शामी कबाबात मांसाबरोबर हरभऱ्याची डाळ शिजवून वाटण्याची जुनी रीत आहे, तिचाही हेतू काही अंशी हाच असावा. आणि मांस व डाळ एकत्र करणे ही काटकसरीची आधुनिक क्लृप्ती नसून प्रतिष्ठित पाककलेचाच भाग आहे, हे त्यावरून दिसते.

चिकनचा खिमा स्वस्त आणि झटपट असतो, पण छातीच्या मांसाचा केल्यास फार कोरडा होतो. त्यात मांडीचे मांस मिसळणे बरे. म्हशीचे मांस गडद, कमी चरबीचे व मटणापेक्षा स्वस्त असते. राज्यात गायींच्या हत्येवर आधीपासूनच बंदी होती, 2015 पासून ती बैल व वळू यांनाही लागू आहे; म्हैसवर्गीय जनावरांना ती लागू नाही, तरी अनेक घरांत ते चालत नाही आणि हा ज्या त्या घराचा प्रश्न आहे. मांस कोणतेही असो, खिम्याच्या बाबतीत स्वच्छतेचा नियम कडक असतो. अखंड तुकड्यावरचे जंतू पृष्ठभागावर असतात आणि आचेने मरतात, पण खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. त्यामुळे खिम्याचा गाभा किमान 71 अंश सेल्सिअस, आणि कोंबडीचा 74 अंश, तापला पाहिजे. व्यवहारात सांगायचे तर लाली पूर्ण जाईपर्यंत आणि वाफा निघेपर्यंत तो शिजला पाहिजे. कच्चा खिमा फ्रीजमध्ये एक-दोन दिवसांहून अधिक ठेवू नये, आणि वर्ध्याच्या मे महिन्यात, पारा 45 अंशांच्या आसपास असताना, तो पिशवीत घालून बाजारभर हिंडू नये.

विदर्भाच्या घरांत सोयाचुरा येण्यापूर्वीही मांसाची उणीव भरून काढणारे पदार्थ होतेच. पाटवडी रस्सा आणि डाळकांदा हे सावजी मसाल्यात शिजणारे शाकाहारी पदार्थ मटणाच्या रश्श्याइतक्याच आवडीने खाल्ले जातात, पण खिम्याला सर्वांत जवळची आहे ती मुंगवडी. मुगाची डाळ भिजवून, जाडसर वाटून, जिरे-मिरची घालून उन्हाळ्यात फडक्यावर घातलेल्या या वड्या वर्षभर डब्यात राहतात. त्या तेलावर तांबूस भाजून, खलबत्त्यात भरड कुटून, कांद्याच्या वाटणात शिजवल्या की त्यांचे कण खिम्यासारखे मोकळे राहतात, रस शोषतात, आणि भाजल्याचा खमंगपणा सोयाचुऱ्यात नसलेली खोली आणतो. मुगाच्या डाळीत सुमारे 24 टक्के प्रथिने असल्याने हा पर्याय सत्त्वहीनही नाही. याउलट कच्चा फणस तंतुमय असल्याने मांसासारखा दिसतो, पण त्यात प्रथिने शंभर ग्रॅमला दोन-तीन ग्रॅमच असतात. मशरूमचीही स्थिती तशीच आहे. भाजी म्हणून दोन्ही उत्तम, मांसाचा पर्याय म्हणून दोन्ही अपुरे.

अलीकडे कारखान्यात तयार होणारे ‘वनस्पतिजन्य मांस’ शहरांत मिळू लागले आहे. उदयपूरची गुडडॉट किंवा रितेश व जेनेलिया देशमुख यांनी 2021 साली बाजारात आणलेली इमॅजिन मीट्स ही त्याची ठळक उदाहरणे. सोया, वाटाणा वा गव्हाची प्रथिने, तेल, स्टार्च आणि स्वादद्रव्ये यांपासून बनलेले हे पदार्थ चवीला मांसाच्या बरेच जवळ जातात, पण त्यांपैकी अनेक गोठवलेले असतात आणि कारखान्यापासून घरापर्यंत सतत थंडीची साखळी मागतात. शिवाय किंमत आणि मीठ दोन्ही चढे असते. सोयाचुऱ्याची पिशवी तर सेलू-समुद्रपूरच्या किराणा दुकानातही फळीवर राहू शकते.

पोषणाचा हिशेब करताना एक फसगत नेहमी होते. सोयावडीच्या पाकिटावर शंभर ग्रॅमला सुमारे 52 ग्रॅम प्रथिने लिहिलेली असतात आणि मटणाची सुमारे वीस, म्हणून सोयाबीन अडीच पट श्रेष्ठ असे सांगितले जाते. परंतु पाकिटावरचा आकडा कोरड्या मालाचा असतो. भिजवून पिळल्यावर त्याच शंभर ग्रॅमचे वजन अडीच-तीनशे ग्रॅम होते, आणि वाटीत पडणारी प्रथिने मटणाच्या बरोबरीलाच येतात. ही बरोबरीदेखील थोडी नाही, कारण ती पैशाच्या मानाने कितीतरी स्वस्त आहे, आणि ज्वारी-गव्हात कमी असलेले लायसिन हे अमिनो आम्ल सोयाबीनमध्ये भरपूर असल्याने भाकरीबरोबर त्याची जोडी चांगली जमते. खरी तफावत लोह आणि जीवनसत्त्व ब-12 यांची आहे. मांसातील हीम-लोह शरीर सहज शोषते, तर सोयाबीनमधील लोह फायटेट या घटकामुळे अडून बसते, आणि ब-12 तर त्यात नसतेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. अशा राज्यात, ज्या घरात आठवड्याचा अर्धा किलो खिमा पुरुषांच्या ताटात आधी वाढला जातो, तेथे पर्यायाचा प्रश्न पाककृतीचा उरत नाही. सोयाचुऱ्यावर लिंबू पिळल्याने लोहाचे शोषण वाढते, आणि चहा जेवणानंतर तासभर पुढे ढकलल्यानेही वाढते. ब-12 साठी मात्र दूध, दही, अंडी किंवा डॉक्टरांनी सुचवलेली गोळी हाच मार्ग आहे. सोयाबीनमुळे पुरुषांची ताकद घटते ही समजूत नेहमीच्या आहारातील प्रमाणाला लागू होत नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र ती आणि सोयाबीन यांत काही तासांचे अंतर ठेवावे.

मांस खाणाऱ्या घरासाठी सर्वांत शहाणपणाची निवड मांस किंवा सोयाबीन यांपैकी एक नसून दोहोंचे मिश्रण ही आहे. पाव किलो मटणाच्या खिम्यात, तो आधी चांगला परतून त्याची चरबी सुटल्यावर, शंभर ग्रॅम कोरडा चुरा भिजवून, पिळून घातला, तर चुरा तीच चरबी आणि रस शोषतो, अर्ध्या किलोच्या खर्चाऐवजी पाव किलोच्या खर्चात भांडे भरते, आणि खाणाऱ्याला फरक क्वचितच जाणवतो. घरात हे मिश्रण काटकसर आहे, भोजनालयात ते न सांगता केले तर फसवणूक आहे. ज्या घरात एखादी व्यक्ती मांस खात नाही, तेथे चमचा आणि कढईसुद्धा वेगळी ठेवणे हे त्या माणसाच्या श्रद्धेला दिलेले किमान मोल होय. वर्ध्याच्या गृहिणींनी आणि स्वयंपाक करणाऱ्या पुरुषांनीही उन्हाळा संपण्यापूर्वी एक डबा मुंगवड्यांचा घालून ठेवावा, सोयाचुरा दोनदा पिळावा, आणि मटणाचा खिमा आणला असेल त्या दिवशी घरातील मुलींच्या व बाळंतिणीच्या ताटात तो आधी वाढावा.