निसेको की गाला युझावा?

आमचा भाचा टोकियोत नोकरीला आहे. चार दिवसांची रजा आणि स्नोबोर्ड शिकायची हौस. "मामा, निसेकोला जाऊ का?" त्याने फोनवर विचारले. आम्ही पडलो कारकून, कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसलो.

निसेकोचे नाव मोठे, ते खोटे नाही. सैबेरियाचे थंड वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतात आणि होक्काइदोच्या डोंगरांवर भुसभुशीत कोरडा बर्फ टाकतात. पण तिथे जायचे तर विमान, पुढे बसचे दोन-अडीच तास. जायचा एक, यायचा एक दिवस गेलाच!

गाला युझावाला मात्र शिंकान्सेन गाडी थेट दारात उतरवते, टोकियोहून दीड तासाच्या आत. बोर्ड, बूट तिथेच भाड्याने. रविवारी गर्दी फार, एवढेच. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकने गाजलेले हाकुबाही आहे. पण नागानोहून पुन्हा तासाभराची बस.

पहिल्यांदा पडणाऱ्याला निसेकोचा बर्फ काय आणि युझावाचा काय! आम्ही गालाच सांगितले. एक मात्र बजावले, दोरीपलीकडे पाऊल टाकायचे नाही. तिथे हिमकडे कोसळून माणसे गाडली जातात.

"बरं मामा," म्हणाला. आवाजात मात्र निसेकोच होते.